सासऱ्यांनी दिलेलं ऑटोमॅटिक

४ जुलै १९९३, रविवार. सकाळी १०.

आजपासून रोजनिशी. खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली डायरी. सौ. तिच्यात धोब्याला दिलेले कपडे लिहायची. ती पानं फाडली. या डायरीत आता फक्त विचार लिहायचे.

सौ. आणि ऋतुजा सकाळच्या गाडीने लातूरला गेल्या. ऋतुजाला दहावीत छान मार्क पडले, त्यामुळे अकरावी-बारावी लातूरलाच करायची असं घरात ठरलं. घरात म्हणजे त्या दोघींत. मी फॉर्मवर सही केली. हल्ली नांदेडची हुशार पोरं लातूरला जातात आणि त्यांच्या आया त्यांच्यामागे स्टोव्ह आणि गादी घेऊन जातात. बाप गावात राहून पगार पाठवतात. दोन वर्षांचा प्रश्न आहे.

स्टँडवर सौ. खिडकीतून सांगायला लागली की सकाळी उठल्यावर तेवढं घड्याळाला... मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, घड्याळाची काळजी तू करू नको, ते ऑटोमॅटिक आहे.  गाडी निघाली तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते डिझेलच्या धुराचं.

रात्री ९.

दोन वर्षं एकटं राहायचं ही संधी आहे. संकल्प: १) पाचला उठणे. २) गोवर्धन घाटापर्यंत फिरणे. ३) सकाळी सहाची गणिताची ट्युशन सुरू करणे. समोरची खोली रिकामीच आहे. लातूरवाल्यांनी जे केलं ते हे शेषेराव सर नांदेडात करून दाखवतील.

घराचं म्हणाल तर घर आपोआप चालतं. अठरा वर्षं बघतोय. सकाळी चहा येतो, पाणी तापतं, दारात पाय ठेवला की रुमाल, पेन आणि घड्याळ हातात येतं. यात अवघड काय आहे ते सौ.लाच माहीत.

५ जुलै, सोमवार.

दूध उतू गेलं. गॅसमध्ये काहीतरी दोष असावा.

एक चांगली गोष्ट. मी न्हाणीत असताना पलीकडच्या खोलीत एक उंदीर रोज किरकिरायचा. अठरा वर्षांत तो सापडला नाही. आज आवाजच नाही. दोघी गेल्या तसा तोही गेला.

शाळेतून आल्यावर कडी वाजवून उभा राहिलो. बराच वेळ. मग आठवलं की किल्ली माझ्याच खिशात आहे.

६ जुलै, मंगळवार.

घड्याळ बंद.

रात्री पावणेबाराला थांबलं. सकाळी उठून बघितलं तर पावणेबारा. क्षणभर वाटलं, मीच इतका वेळ झोपलो.

हे घड्याळ बंद पडत नाही, म्हणून कारण शोधणं भाग आहे. आधी इतिहास लिहून ठेवतो. १९७५ च्या लग्नात मी काहीही मागितलं नव्हतं. सायकल नको म्हटलं, रेडिओ नको म्हटलं. फक्त रुसवतीला, म्हणजे नवरदेवाने रुसायच्या रीतीला, बसलो तेव्हा एवढंच म्हणालो की घड्याळ मात्र ऑटोमॅटिक पाहिजे, चावीचं चालणार नाही. आमच्या हेडसरांना होतं तसलं. जानवशात संध्याकाळपर्यंत जेवलो नाही. सासरे दगडोबा, लोह्याकडचे शेतकरी माणूस, कुठूनतरी घेऊन आले आणि स्वतः माझ्या मनगटाला बांधलं. त्यांचं वाक्य अजून आठवतं: "ऑटोमॅटिक हाय जावईबापू. हात हलला की चालतंय. फकस्त त्याचे कान पिळू नका, बिघडंल."

तेव्हापासून मी त्या कानाला, म्हणजे बाजूच्या बारक्या बटणाला, वेळ लावण्यापलीकडे बोट लावलेलं नाही. डायलवर १७ ज्वेल्स असं लिहिलंय. ऑटोमॅटिक असं लिहिलेलं नाही, कारण चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही.

सासरे दोन वर्षांमागे वारले. असते तर सांगितलं असतं, तुमचं घड्याळ अठरा वर्षांत एकदाच बंद पडलं. ९१ च्या जनगणनेला मी धर्माबादकडे तीन दिवस होतो तेव्हा. रेल्वेच्या रुळांच्या लोखंडाचा परिणाम होता तो.

७ जुलै, बुधवार.

निदान झालं. ऑटोमॅटिक हाताच्या हालचालीवर चालतं. सौ. नसल्यामुळे माझी हालचाल कमी झाली आहे. म्हणजे पूर्वी काही लागलं की उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन सांगावं लागायचं, ते आता नाही.

उपाय: हालचाल वाढवणे.

मनगट झटकलं तर सेकंदकाटा पळाला. पाऊणएक मिनिट चाललं. मशीन ठणठणीत आहे, चूक माझ्या तब्येतीची आहे.

११ जुलै, रविवार.

एसटीडी बूथवरून लातूरला फोन केला. घरमालकाने सौ.ला बोलावलं. तोपर्यंत मीटरचे लाल आकडे पळत होते.

सौ.ने माझी तब्येत विचारली नाही, खानावळीचा डबा कसा आहे ते विचारलं नाही. पहिला प्रश्न, घड्याळ चालून राहिलं का? मी म्हटलं, फर्स्टक्लास. एक मिनिटसुद्धा मागे नाही. उगाच तिच्या वडिलांच्या वस्तूबद्दल तिला वाईट कशाला वाटू द्यायचं? एक-दोन दिवसांत सुरू होईलच.

 लई चांगलं झालं, एवढंच ती म्हणाली. आवाज जड वाटला. लाइन खराब असावी.

मग ऋतुजा फोनवर आली, तिचं बरं चाललंय. एका वर्गात एवढी पोरं की मागच्यांसाठी माईक लावतात. फिजिक्सचे सर घड्याळाकडे न बघता बरोबर वेळेला थांबतात म्हणे. मी म्हटलं, तुझा बापही तसाच आहे.

१५ जुलै, गुरुवार.

रोज संध्याकाळी गच्चीवर डावा हात गोल फिरवतो. पन्नास पुढे, पन्नास मागे. घड्याळ तेवढ्यापुरतं चालतं आणि मी थांबलो की थांबतं. प्रामाणिक यंत्र आहे.

शेजारच्या चांदबी भाभींनी गच्चीवरून पाहिलं. रात्री वाटीभर तेल पाठवलं. निरोप असा की भाईसाबांच्या हाताला वारा लागलेला दिसतो, कोमट करून चोळा, आणि भाभींना लातूरहून बोलावून घ्या. तेल चोळलं. हात खरोखरच दुखत होता.

बोलावून घेण्याची गरज नाही.

१७ जुलै, शनिवार.

घड्याळ उजव्या हाताला बांधलं. खडूने फळ्यावर लिहिताना आपोआप हलेल. भूमितीची प्रमेयं मोठी मोठी काढली. वर्तुळं तर खांद्यापासून काढली. पोरं खुश. घड्याळ वर्तुळाला चालतं, त्रिकोणाला थांबतं.

२२ जुलै, गुरुवार.

आज शाळेत थोडा गोंधळ झाला.

आमच्या शाळेत टोल माझ्या घड्याळावर पडतात. ऑफिसातलं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ बंद पडून वर्षं झाली. तेव्हापासून शिपाई ग्यानोबा दर तासाला माझ्या वर्गाच्या दारात येतो, मी मनगट बघून मान हलवतो आणि तो जाऊन टोल देतो. सगळ्या शाळेला माझ्या मानेवर विश्वास आहे. माझ्या नोकरीत मला मिळालेला हा एकमेव मान.

सकाळी रेडिओच्या बातम्यांवर वेळ लावून घेतो, पण शाळेत पोचेपर्यंत ते थांबलेलं असतं. आजवर अंदाजाने निभावलं. उन्हाची तिरीप खिडकीच्या कितव्या गजावर आहे त्यावरून. आज आभाळ होतं. मी मान हलवली आणि मधली सुट्टी चौथ्या तासाच्या मध्येच झाली. पोरांना अजून भूकही लागलेली नव्हती.

हेडसरांनी विचारलं. मी सांगितलं, ग्यानोबाने मान नीट बघितली नाही.  ग्यानोबा जाताना एवढंच म्हणाला की सर, बाई गावाला गेल्यापासून तुमचं जेवण धड न्हाई, उद्या घरून भाकरी आणू का. मी नको म्हटलं.

उद्या हो म्हणावं.

१ ऑगस्ट, रविवार.

शेवटी वजिराबादला गेलो. मुज्तबाचं घड्याळाचं दुकान. पूर्वी त्याचे वडील बसायचे. आता सगळा काउंटर सेलच्या घड्याळांनी भरलाय. कोचिंग क्लासवाले डझनाने भिंतीवरची घड्याळं नेतात म्हणे, सध्या तोच मोठा धंदा.

मुज्तबाने मागचं झाकण उघडलं, डोळ्याला काच लावली, आणि मला विचारलं, "सर, ये तो चाबीवाली है. चाबी कौन देता तुम्हारे घर में?"

मी त्याला शांतपणे समजावून सांगितलं की हे १९७५ चं ऑटोमॅटिक आहे, याला चावी लागत नाही, अठरा वर्षांत कोणीही दिलेली नाही. तो हसायला लागला. दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. मी त्या गिऱ्हाइकाला लग्नाची हकीकत सांगत होतो तेवढ्यात मुज्तबाने घड्याळाचे कान पिळायला सुरुवात केलेली दिसली. मी हिसकावून घेतलं. मग त्याने एक काळं सेलचं घड्याळ पुढे केलं. सेल टाकला की वर्षभर बघायला नको म्हणे.

म्हणजे हा सगळा सेलचं घड्याळ गळ्यात मारण्याचा डाव होता. नव्या पोरांना ऑटोमॅटिक ओळखताच येत नाही. मी तिथून निघालो.

येताना मुद्दाम जुन्या मोंढ्याच्या बाजूने खड्ड्यातून सायकल आणली.

२ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.

चाललंय!

रात्रभर चाललं. खड्ड्यांचा परिणाम. मी म्हणत होतो की हालचाल कमी पडते आहे. नगरपालिकेला लोक उगाच नावं ठेवतात.

दिवसभर टोल बरोबर पडले. ग्यानोबाकडे बघून रोजच्यापेक्षा जास्त मान हलवली.

संध्याकाळी खास फोन केला. रविवार नसताना. सौ. घाबरून आली, काय झालं म्हणाली. मी म्हटलं काही नाही, घड्याळ चाललंय एवढंच सांगायचं होतं. ती म्हणाली, ते तर तुम्ही दर रविवारी सांगताच.   मी ठेवू का म्हटलं, ती म्हणाली थांबा जरा. दोघं थांबलो. आकडे पळत होते.

३ ऑगस्ट, मंगळवार.

बंद. सायकलवर मोंढ्याच्या बाजूला दोन चकरा मारल्या. टायर पंक्चर.

१६ ऑगस्ट, सोमवार.

आजपासून ट्युशन. फळ्यावर नाव रंगवलंय: वक्तशीर गणित वर्ग, सकाळी सहा. चार पोरं नाव देऊन गेली आहेत. सुरुवातीला चार पुरे.

पाचला उठण्यासाठी घड्याळ रात्री मनगटालाच बांधून झोपणार. झोपेत माणूस कुशी बदलतो, त्यावर चालेल.

१७ ऑगस्ट, मंगळवार.

जाग आली, मनगट बघितलं, चार वाजलेले. परत झोपलो. पुन्हा जाग आली, चारच. समाधानाने पुन्हा झोपलो. उठलो तेव्हा रस्त्यावर शाळेची पोरं चाललेली.

ट्युशनची पोरं ओट्यावर बसून गेली. चांदबी भाभींनी त्यांना चहा दिला म्हणे. त्यांना वाटलं, कोणी वारलं की काय, एवढ्या सकाळी पोरं गोळा झाली.

वेळ सहाऐवजी संध्याकाळची करावी का?

२१ ऑगस्ट, शनिवार.

चौघंही दुसऱ्या क्लासला गेली. तिथे भिंतीवर दोन घड्याळं आहेत म्हणे. ठीक. मला गर्दी नकोच होती. फळ्यावरचं नाव पुसलं, पण 'वक्तशीर' जात नाही. ऑइलपेंटने लिहिलं होतं.

समोरच्या खोलीत आता ऋतुजाची जुनी सायकल ठेवली आहे. बरी दिसते. घंटी अजून वाजते.

४ सप्टेंबर, शनिवार.

शिक्षक दिनाचा कार्यक्रम आजच उरकला. हेडसरांनी माझ्या सूचनेवरून ऑफिसात सेलचं भिंतीवरचं घड्याळ लावलं. मी तशी सूचना करणारच होतो. ग्यानोबा आता त्याच्याकडे बघून टोल देतो. मी वर्गाच्या दाराशी दोन-तीनदा उभा राहिलो, पण आता तो इकडे येत नाही.

बरंच झालं. अठरा वर्षं एका माणसाच्या मनगटावर शाळा चालवणं बरोबर नव्हतं. मोकळं वाटतं.

मोकळं म्हणजे रिकामं, असं आता लिहिताना वाटलं.

१९ सप्टेंबर, रविवार. गणेश चतुर्थी.

दोघी येणार होत्या. नाही आल्या. ऋतुजाच्या क्लासची टेस्ट सिरीज आहे. लातुरात गणपतीलाही टेस्ट घेतात. सौ. फोनवर म्हणाली, तुम्ही मांडा, मी इथूनच हात जोडते. आणि पुन्हा तेच, घड्याळ बरं हाय ना. मी म्हटलं, उत्तम.

गेले अडीच महिने मी तिला हे सांगतो आहे. आता खरं कसं सांगणार? त्यापेक्षा घड्याळ चालू करणं सोपं.

गणपती मांडला. आरतीला एक माणूस कमी पडतो. एका हातात ताट, दुसऱ्या हातात घंटी, टाळी वाजवायला हात उरत नाही. घंटीच्या हाताला घड्याळ बांधलं होतं. आरतीपुरतं चाललं.

घर फार मोठं झालं आहे. दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर आहे, तरी.

३० सप्टेंबर, गुरुवार. पहाट.

धरणी हलली. काल विसर्जन करून गाढ झोपलो होतो. मांडणीवरची भांडी खाली. सगळी गल्ली बाहेर. चांदबी भाभी सगळ्यांना एका कापडावर बसवून पाणी देतात. किती वाजले म्हणून सगळे मला विचारतात. मी मनगटाकडे बघतो आणि सांगत नाही.

सकाळी.

रेडिओवर लातूर म्हणाले. लातूर जिल्हा.

बूथवर गेलो. लागत नाही. पुन्हा लागत नाही. बूथवाला म्हणतो, सर, सगळ्यांचंच लागत नाही. स्टँडवर जातो आहे.

३ ऑक्टोबर, रविवार. नांदेड.

परत आलो. दोघी सुखरूप आहेत. हे आधी लिहितो.

त्या दिवशी गाडी लोह्याला थांबली, अहमदपूरला थांबली, मध्ये कुठेकुठे थांबली.  एक म्हातारा दर गावाला उठून विचारायचा, किल्लारी आलं का. किल्लारी त्या रस्त्यावर नाही, लातूरच्याही पुढे आहे, हे त्याला कोणी सांगत नव्हतं. मीही सांगितलं नाही. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसलो होतो. घड्याळ बंद होतं. एकदाही झटकलं नाही.

लातुरात घरं उभी होती, पण माणसं बाहेर होती. किल्लारीकडून येणाऱ्या जीपा आणि ट्रक दवाखान्याकडे जात होते. त्यांच्यात काय होतं ते मी बघितलं. लिहीत नाही.

औसा रोडला घरमालकाच्या घरासमोर मोकळी जागा आहे. तिथे सतरंज्या टाकून बायका बसलेल्या. सगळ्या त्याच, पोरांसाठी खोली करून राहिलेल्या आया. ऋतुजा पुस्तकं छातीशी धरून बसली होती. मला बघून रडायला लागली. मीही रडलो. इथे धूर नव्हता.

सौ. रडली नाही. ती उठली, माझ्यासमोर आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझा हात हातात घेतला. मला वाटलं, हात धरला. तिने घड्याळ बघितलं.

"घाईत आज चावी द्यायची राह्यली वाटतं," असं म्हणाली. पट्टा सोडला, घड्याळ हातात घेतलं, आणि त्या माणसांच्या गर्दीत उभी राहून अंगठा आणि बोटाने त्याचा कान फिरवायला लागली.

किर्र. किर्र. किर्र.

तो उंदीर.

मी न्हाणीत, तांब्याचा आवाज, आणि पलीकडच्या खोलीत हा उंदीर. अठरा वर्षं, रोज सकाळी. बाळंतपणाला गेली तेव्हा सर्व्हिसिंगला म्हणून घड्याळ सोबत घेऊन गेली होती. ऑटोमॅटिकचा कारागीर तिकडेच आहे, असं सासऱ्यांनी सांगितलं होतं. आणि धर्माबादचे रूळ. आणि मुज्तबा. सगळं एकदम डोक्यात आलं.

सौ.ला वाटलं, मी भूकंपाने गप्प आहे. माझ्या मनगटाला घड्याळ बांधत ती हळू बोलायला लागली. म्हणाली, रुसवतीच्या दिवशी बाबा उदगीरपर्यंत जाऊन आले, पण ऑटोमॅटिक मिळालं न्हाई. मांडवात लोक बसलेले. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, साखरा, माझा शब्द आता तुझ्या हातात हाय. मग मी रोज देत गेले. बाबा गेल्यावर सांगून टाकावं म्हटलं, पण जीभ रेटली न्हाई. लातूरला निघाले तेव्हा लई भ्याले. मी घरात न्हाई म्हणल्यावर ते बंद पडणार, अन् तुम्हाला समजणार, अन् तुम्ही माझ्या मेलेल्या बापाला नाव ठेवणार.

 शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे बघून म्हटलं.

"फोनवर तुम्ही चालून राहिलं म्हणालात, तवाच समजले. तुम्हाला कळलं, अन् तुम्ही गपचूप चावी देत राहिलात. एका शब्दानं बोलला न्हाईत. एवढा मोठा माणूस माझ्या बापाला जावई मिळाला."

मी मान हलवली. ग्यानोबासाठी हलवायचो तशीच.

दुसरं काय करणार होतो? आजूबाजूला एवढी माणसं सगळं गमावून बसलेली, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती. लग्नापासून आजवर तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. खरं सांगायला हवं होतं असं लिहून ठेवतो. सांगितलं नाही असंही लिहून ठेवतो.

दोघींना म्हटलं, नांदेडला चला. ऋतुजा म्हणाली, क्लासवाले सोमवारपासून मैदानात मांडव टाकून शिकवणार आहेत. सौ. म्हणाली, बाकीच्या बायका इथं हायत, मी इथं हाय, आठ दिवस उघड्यावर निजू, पोरीचं वर्ष जायला नको. मला एकदा म्हणावंसं वाटलं की मग मीच इथे राहतो. शाळेत मदतफेरीसाठी सगळ्या शिक्षकांना बोलावलंय, म्हणून नाही म्हणालो. खरं म्हणजे तिने राहा म्हटलं असतं तर राहिलो असतो. तिला वाटतं, मला एकट्याला जमतं.

तीन सकाळी तिने घड्याळ मला बांधून दिलं. मी तोंड धुवायला गेलो की मागे किरकिर ऐकू यायची. अठरा वर्षांची सवय, माझ्यासमोर अजून लाजते. काल साबण डोळ्यांत असताना कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, तर घरमालकाचा रेडिओ सुरू झाला. आज सकाळी स्टँडवर निघण्याआधी मी पाठ करून उभा राहिलो, अगदी जवळ. तेवढ्यात ऋतुजा आली आणि विचारलं, बाबा, काय ऐकता?

काही नाही म्हटलं.

४ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ६.

पाचला उठलो. जुलैपासून पहिल्यांदा. घड्याळ चालू आहे, कालची चावी अजून शिल्लक आहे.

दूध उतू गेलं नाही. समोर उभा राहिलो म्हणून.

घड्याळ उशाशी घेऊन बसलो. कान दोन बोटांत धरला. फिरवला. किर्र. बाहेर चांदबी भाभींची बादली वाजली तर दचकलो. पुन्हा फिरवला. किर्र. किर्र. थांबलो.

किती द्यायची? कमी दिली तर दुपारी बंद पडेल. जास्त दिली तर आतलं काहीतरी तुटेल, आणि उदगीरपर्यंत धावाधाव केलेल्या त्या माणसाचं घड्याळ माझ्या हातून मोडेल. मुज्तबाला विचारावं तर दुकानभर हसेल. पत्रात लिहावं, रविवारी फोनवर विचारावं, सौ. एका वाक्यात सांगेल.

पण विचारता येत नाही. मला तर जुलैपासून येतंय.